खारी, खाडी आणि कोड : मराठी मुलाखतींचं विश्लेषण सॉफ्टवेअरवर कसं करायचं

प्रबंध जमा करायला दोन-तीन महिने उरले की फोन सुरू होतात. "ताई, चोवीस मुलाखती झाल्यात. आता सॉफ्टवेअरमध्ये टाकायच्यात. टाकल्यावर निष्कर्ष किती दिवसांत निघतात?"

निघत नाहीत. एसपीएसएससारख्या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये आकडे भरून बटण दाबलं की तक्ता हातात येतो, त्या सवयीतून आलेला हा प्रश्न आहे. गुणात्मक विश्लेषणाचं, म्हणजे आकड्यांऐवजी लोकांचं बोलणं अभ्यासायचं, सॉफ्टवेअर म्हणजे कपाट. कुठलं वाक्य कुठल्या खणात ठेवलं, का ठेवलं आणि गरज पडली की ते चटकन कसं काढायचं, एवढं ते सांभाळतं. खण किती आणि कसले करायचे हे तुम्ही ठरवायचं, वाचायचंही तुम्हीच. पण चोवीस मुलाखती म्हणजे तीनशेच्या वर पानं होतात आणि तेवढी पानं डोक्यात ठेवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, तेव्हा कपाट लागतंच.

मराठीत काम करणाऱ्याची निम्मी मेहनत हे कपाट उघडण्याआधीच होते. इंग्रजी पुस्तकांत हा भाग नसतो, म्हणून इथे मी त्याच्यावरच जास्त वेळ घालवणार आहे.

उदाहरणाला एकच विषय धरू. ठाणे खाडीच्या दोन्ही अंगांचे कोळीवाडे घेऊ, ठाण्यातली चेंदणी आणि नवी मुंबईतले दिवा-कोळीवाडा, वाशीगाव, सारसोळे, दिवाळे, आणि तिथल्या खाडीतल्या मासेमारीचं काय झालं हा प्रश्न. खाली येणारी मुलाखतीतली वाक्यं मी नमुन्यासाठी रचलेली आहेत. लोकांनी ओट्यावर बसून विश्वासानं सांगितलेलं इथे उचलून टाकणं बरं नाही.

कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं

या प्रकाराची सुरुवात जुनी आहे. १९८१च्या सुमाराला मेलबर्नच्या ला ट्रोब विद्यापीठात टॉम आणि लिन रिचर्ड्स या जोडप्यानं आपल्याच संशोधनाच्या सोयीसाठी एक प्रोग्रॅम लिहिला, त्याचाच वंशज म्हणजे आजचं एनव्हिवो. ॲटलास टीआय बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातल्या प्रकल्पातून निघालं, मॅक्सक्यूडीएही जर्मनीचंच. तिन्ही उत्तम आहेत, तिन्ही विकतची आहेत. कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात परवाना आहे का, हे आधी विचारा. असला तर तो किती दिवसांचा हेही विचारा, कारण परवाना संपला की तुमचं वर्षभराचं काम फाइलीत असतं आणि फाइल उघडत नाही.

फुकटातली दोन नावं लक्षात ठेवा. टॅगेट अगदी साधं आहे: मजकूर चढवा, वाक्य निवडा, त्याला टॅग लावा, एका टॅगची सगळी वाक्यं एकत्र बाहेर काढा. शिकायला एक दुपार पुरते. क्वालकोडर जरा अवघड वाटतं, दिसायला रुक्षही आहे, पण त्यात टिपणं लिहिता येतात, मुलाखत देणाऱ्याचं वय-गाव-काम नोंदवून तुलना करता येते, आणि ऑडिओवरही थेट खुणा करता येतात. एमएच्या प्रकल्पाला मी टॅगेट सांगते, पीएचडीला क्वालकोडर. पुढे सॉफ्टवेअर बदलायची वेळ आलीच तर २०१९पासून रेफी-क्यूडीए नावाचं देवाणघेवाणीचं एक सामाईक स्वरूप आहे. क्वालकोडर, एनव्हिवो, ॲटलास, मॅक्सक्यूडीए त्यात काम बाहेर देतात आणि आत घेतात.

मुलाखती सहाच असतील तर यातलं काहीही नको. प्रिंट, चार रंगांचे स्केचपेन आणि मोकळी भिंत पुरते.

उघडण्याआधी : मजकूर उतरवणं

एक तासाचं रेकॉर्डिंग उतरवायला मला सहा-सात तास लागतात. ओट्रान्स्क्राइब हे फुकटचं साधन ब्राउझरमध्ये चालतं. आवाज आणि टायपिंग एकाच खिडकीत येतं, एका कळीनं थांबवता येतं, थोडं मागे जाता येतं. व्हिस्परसारखं बोलणं ऐकून मजकूर लिहिणारं मॉडेल स्वतःच्या संगणकावर चालवून पहिला कच्चा मसुदा मिळतो. शहरी, प्रमाण मराठी ते बऱ्यापैकी ओळखतं. आगरी-कोळी बोली आली, मागे मिक्सर आणि शेजारच्याचा टीव्ही आला, की ते जे लिहितं त्यावर हसावं की रडावं कळत नाही. तरी कच्चा मसुदा म्हणून घ्यायला हरकत नाही. मात्र प्रत्येक ओळ ऐकून तपासायचीच.

टायपिंग बाहेर दिलंत तर आधी फॉन्ट विचारा. मी एकदा नऊ मुलाखती स्टेशनाजवळच्या एका टायपिंगवाल्याकडे दिल्या होत्या. कागदावर सुरेख मराठी, वर्डमध्येही सुरेख. सॉफ्टवेअरमध्ये चढवल्यावर मात्र रोमन अक्षरं आणि चिन्हांचा कचरा. छापखान्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं होतं. त्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरंच असतात, फक्त चेहरा देवनागरीचा चढवलेला असतो. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असलेल्या पद्धतीत, बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं हमखास बिघडतात आणि मग ती एकेक दुरुस्त करत बसावं लागतं. तपासायची सोपी रीत: दोन ओळी कॉपी करून मोबाइलवर स्वतःलाच मेसेज करा. मराठी दिसली तर युनिकोड आहे.

युनिकोड असूनही एक फसगत उरते. 'किनाऱ्यावर', 'वाऱ्यामुळे' या शब्दांतला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड नुक्ता असलेला ऱ वापरतात, काही साध्या र नंतर एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. शोधताना संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात, आणि खाडीच्या किनाऱ्यावर झालेल्या अभ्यासात 'किनाऱ्यावर' शब्द फक्त तीनदा आला असं दिसतं. 'ॲ'चंही तेच. उपाय कंटाळवाणा आहे: टीममधल्या सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरायचा, आणि मजकूर चढवण्याआधी वर्डमध्ये शोधा-बदला करून सगळीकडे एकच रूप आणायचं. हे आधीच करा. कोड, म्हणजे वाक्यांना द्यायची अर्थाची लेबलं, लावल्यावर मजकुरात अक्षरं घातली-काढली तर लावलेल्या खुणा सरकायची भीती असते, कारण सॉफ्टवेअर 'कितव्या अक्षरापासून कितव्या अक्षरापर्यंत' एवढंच लक्षात ठेवतं.

आता बोली. काठावरची आजी 'खाडी' म्हणत नाही, 'खारी' म्हणते. 'पाणी' नाही, 'पानी'. तिचा नातू त्याच ओट्यावर बसून 'खाडी' आणि 'पाणी' म्हणतो. उतरवताना सगळं प्रमाण मराठीत आणलं तर शोध सोपा होतो. मी तसं करत नाही. आजी 'खारी' म्हणते आणि नातू 'खाडी', हीच कदाचित तुमच्या प्रबंधातली एक गोष्ट असेल, आणि ती तुम्ही टाइप करतानाच पुसून टाकलेली असेल. म्हणून जसं बोलले तसं लिहा आणि शेजारी एक बोलीची यादी ठेवा: खाडी–खारी, गाडी–गारी, पाणी–पानी, मासळी–म्हावरं. नंतर शोधताना प्रत्येक शब्दाची सगळी रूपं शोधायची.

दुसरी यादी काळाची. लोक सन सांगत नाहीत. "पूल झाला तेव्हा", "सिडको आली त्याच्या आधी", "जासईला गोळीबार झाला त्या वर्षी." ही खुणांची यादी पहिल्या आठवड्यातच करून ठेवा: नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको महामंडळाची स्थापना १९७०, वाशीचा पहिला खाडीपूल १९७३, जासईचं शेतकऱ्यांचं जमीन-मोबदल्याचं आंदोलन जानेवारी १९८४, वाशीचा दुसरा पूल १९९७, ठाणे-वाशी रेल्वे २००४, २६ जुलैचा पाऊस २००५, फ्लेमिंगो अभयारण्य २०१५, खाडीला रामसरचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) दर्जा २०२२. 'नवा पूल' म्हणजे कुठला, हे मात्र बोलणाऱ्याच्या वयावर ठरतं. ऐंशीच्या आजोबांचा नवा पूल १९७३चा असू शकतो. शंका असेल तिथे मजकुरात चौकटी कंसात लिहून ठेवा, आणि हसणं, गप्प होणं, खाडीकडे हात करून दाखवणं हेही त्याच कंसात येऊ द्या.

नावं याच टप्प्यावर बदला. खरं नाव आणि टोपणनाव यांची जोडयादी वेगळ्या, कुलूपबंद फाइलीत ठेवा. ती प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये नको. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, पण त्याच्याही आधी हा साध्या सचोटीचा भाग आहे.

प्रकल्प उघडणं

फाइलींची नावं इंग्रजीत, आखूड, मधे जागा न सोडता ठेवा: मुलाखतीचा क्रमांक, गावाचं आद्याक्षर, तारीख. प्रत्येक बोलणाऱ्याची वैशिष्ट्यं नोंदवा, पण चार-पाचच. आपल्या उदाहरणात गाव, वयोगट, स्त्री-पुरुष आणि काम (होडीवर जाणारे, मासळी विकणाऱ्या, धंदा सोडलेले) एवढी पुरतात. रक्तगट विचारला होता म्हणून तो भरायला नको.

क्वालकोडरचा प्रकल्प म्हणजे एक फोल्डर आणि त्यात डेटाबेस. तो ड्राइव्हसारख्या सतत समक्रमण होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवून उघडू नका. माझा एक प्रकल्प असाच बिघडला आणि अकरा दिवसांचं काम गेलं. स्वतःच्या डिस्कवर काम करा, रात्री प्रकल्प बंद करा, मग तारीख घालून प्रत काढून ठेवा.

कोड लावणं

एका आईच्या तोंडचा हा नमुना घ्या:

"आमचे दारान खारी व्हती. भरतीचा पानी ओट्याला लागाचा. आता खारीव जावाचं तं रिक्षा करावी लागते. पोऱ्या बोलतो, आई, बाजारान घे नि बाजारान विक."

नवखा संशोधक इथे दोन कोड लावतो: 'पर्यावरण' आणि 'आर्थिक समस्या'. हे कोड नव्हेत, ही निबंधाची शीर्षकं झाली. चोवीस मुलाखतींत मिळून 'आर्थिक समस्या'खाली दोनशे वाक्यं जमतील आणि तुम्ही सुरुवात केली तिथेच असाल.

मी असे लावीन: पहिल्या वाक्याला 'दारान खारी', तिच्याच शब्दांत. बोलणाऱ्याचा शब्द जसाच्या तसा कोड म्हणून घ्यायची ही रीत जुनी आहे. तिला इंग्रजीत 'इन व्हिवो' कोड म्हणतात. ग्लेझर आणि स्ट्रॉस यांनी १९६७ साली मांडलेल्या ग्राउंडेड थिअरीच्या, म्हणजे जमवलेल्या माहितीतूनच सिद्धांत उभा करायच्या, परंपरेतून ती आली, आणि एनव्हिवोच्या नावातही ती ऐकू येते. दुसऱ्या वाक्याला 'भरतीची हद्द'. तिसऱ्याला 'खाडीपर्यंत जायचा खर्च'. चौथ्याला 'विकत घेऊन विकणं' आणि 'मुलांचा सल्ला', दोन्ही. एका वाक्याला दोन-तीन कोड लागले तरी बिघडत नाही. कोडाच्या नावात शक्यतो क्रिया ठेवा. 'विक्री' म्हटलं की काहीच कळत नाही, 'विकत घेऊन विकणं' म्हटलं की मासे पकडणाऱ्या घराचं दुकानदार घर होणं दिसायला लागतं.

खूण किती लांब करायची? महिन्यानं ते वाक्य सुटं वाचलं तरी समजेल एवढी. वर 'बाजारान घे नि बाजारान विक' एवढंच निवडलं तर हे तीच म्हणते असं वाटेल. 'पोऱ्या बोलतो'पासून घ्या.

पहिल्या चार-पाच मुलाखती असे मोकळेपणानं कोड लावत जा. कोड शंभराच्या वर जातील, जाऊ द्या. मग थांबा. नवीन मुलाखत उघडायची नाही. सगळे कोड एका पानावर काढा आणि सारखे असलेले एकत्र करा. इथे सॉफ्टवेअर खरं कामाला येतं: दोन कोड एकत्र केले की त्यांची सगळी वाक्यं आपोआप एका जागी येतात. कागदावर हेच करायला मला पूर्वी रविवार जायचा.

उरलेल्या प्रत्येक कोडाची व्याख्या लिहा. ती अशी दिसते: 'विकत घेऊन विकणं: स्वतःच्या किंवा घरच्या होडीची मासळी न विकता घाऊक बाजारातून आणलेली विकणं. ते करायचा विचार किंवा सल्लाही यात येतो. घरच्या मासळीत भर म्हणून क्वचित आणलेली मासळी यात येत नाही, ती "भर घालणं" या कोडात.' सगळ्यात उपयोगी असतं ते 'काय येत नाही' हे वाक्य. पाच महिन्यांनी तुम्हीच तुमच्याशी वाद घालत असाल, तेव्हा निकाल तेच देतं.

आणि टिपणं. कोड लावताना काही सुचलं की त्याच क्षणी, तारीख घालून, मोडक्यातोडक्या भाषेत लिहा. "रिक्षाचा खर्च तिसऱ्यांदा आला, तिन्ही बायका. पुरुष चालत जातात की बाइकवर?" प्रबंधातलं चांगलं प्रकरण बहुतेक वेळा अशाच एखाद्या ओळीतून निघतं.

शोधताना

इंग्रजीसाठी बनवलेला शोध मराठीत लंगडतो. शब्दाची मूळ रूपं ओळखायची सोय एनव्हिवोत काही भाषांसाठी आहे, मराठीसाठी नाही. 'पाणी' शोधलं तर 'पाण्याला', 'पाण्याचा', 'पाण्यात' सुटतात, कारण विभक्ती लागताना शब्दाचं अंगच बदलतं. म्हणून न बदलणारा तुकडा शोधायचा: 'पाण', आणि बोलीसाठी 'पान'. मग 'पाणथळ'ही येईल, 'पाणउतारा'ही येईल, आणि 'पान'बरोबर केळीची पानं आणि पानसुपारी येईल. ती हातानं वगळा. ज्याला हा चाळण्याचा कंटाळा आहे त्यानं आपोआप कोड लावायच्या सोयीला हात लावू नये.

शब्दांचे ढग करायची सोय असते. करू नका. सगळ्यात मोठ्या अक्षरांत 'आहे', 'तर' आणि 'म्हणजे' येतील.

खरी किंमत आहे ती कोड आणि वैशिष्ट्यं यांच्या तक्त्याची: उभे कोड, आडवी कामं. दोन गोष्टी सांभाळा. पहिली, चौकटीतला आकडा म्हणजे वाक्यं की माणसं? एखादे बोलके काका एकटेच 'भरतीची हद्द' चौदा वेळा बोललेले असतात. माणसं मोजा, आणि मोजलेल्या माणसांवरूनही टक्केवारी काढू नका. दुसरी, रिकाम्या चौकटी आधी वाचा. समजा मासळी विकणाऱ्या बायकांच्या रकान्यात साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाबद्दल (घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात सिडकोकडून परत मिळणाऱ्या) एकही वाक्य नाही. त्यांना तो मिळाला नाही, की तो व्यवहार पुरुषांच्या हाती होता, की तुम्ही त्यांना विचारलंच नाही? तिसरी शक्यता बऱ्याचदा खरी निघते, आणि मग पुन्हा दिवाळ्याला जावं लागतं.

कोडांपासून आशयसूत्रांपर्यंत

आशयसूत्र म्हणजे अनेक कोडांना बांधणारा एक मुद्दा, इंग्रजीतली 'थीम'. ती शोधायचे सहा टप्पे ब्राऊन आणि क्लार्क यांचा २००६चा लेख सांगतो. प्रबंधात तो बहुतेक सगळे उद्धृत करतात आणि पाळतात थोडेच. माझी कसोटी एकच: आशयसूत्र पूर्ण वाक्यात सांगता आलं पाहिजे. 'खाडीतले बदल' हे सूत्र नव्हे. 'खाडी तिथेच आहे, पण तिथवर पोचणं महाग झालं' हे सूत्र आहे, कारण त्याच्याशी कुणी असहमत होऊ शकतो आणि तुम्हाला पुरावा द्यावा लागतो. हे काम मी संगणक बंद करून करते. कोडांच्या चिठ्ठ्या छापायच्या, जमिनीवर मांडायच्या, पंखा बंद करायचा.

मग पुन्हा सॉफ्टवेअरकडे, उलट्या दिशेनं: या सूत्राच्या विरोधात जाणारं वाक्य कुठे आहे? तेही शोधा आणि प्रबंधात मांडा.

मार्गदर्शक 'दोन कोडरमधली सहमती', म्हणजे दोघांनी लावलेले कोड किती जुळतात ते, मागत असतील तर क्वालकोडर त्यासाठीचा कोहेनचा कापा हा आकडा काढून देतं. पण ब्राऊन आणि क्लार्क यांच्या पद्धतीनं काम करत असाल तर हा आकडा तिथे बसत नाही. त्या पद्धतीत संशोधकाची नजर हा विश्लेषणाचाच भाग मानतात. हे परीक्षकांना नम्रपणे सांगायची तयारी ठेवा. आकडा काढा अथवा नको, दुसऱ्या कुणाला दोन मुलाखती कोड करायला नक्की द्या. कुठे मतभेद झाला ते बोलताना व्याख्या सुधारतात.

एआयचं बटण आता बहुतेक महागड्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. ते नीटनेटके, गुळगुळीत कोड देतं, म्हणजे पुन्हा 'आर्थिक समस्या'च. 'दारान खारी' ते थांबून ऐकत नाही. शिवाय मजकूर बाहेरच्या सर्व्हरवर जातो. संमतिपत्रात तसं लिहिलेलं नसेल तर पाठवायचा हक्क तुम्हाला नाही.

लिहायला बसताना

एकेका सूत्राची वाक्यं मुलाखत क्रमांकासह वर्डमध्ये काढा. त्यातली तीन-चारच प्रकरणात जातील. प्रबंध इंग्रजीत असेल तर आधी मराठी मूळ, खाली भाषांतर. फक्त भाषांतर दिलंत तर तुम्ही काय ऐकलं ते कुणालाच तपासता येणार नाही. कोडबुक, म्हणजे कोड आणि त्यांच्या व्याख्यांची यादी, परिशिष्टात द्या.

छापायच्या आधी प्रत्येक उद्धृत एकदा गावातल्या माणसाच्या नजरेनं वाचा. टोपणनाव असून भागत नाही. कोळीवाडे लहान आहेत. 'सारसोळ्याची, साठीची, नवरा गेल्यावर स्वतः होडी घेऊन जाणारी' एवढं लिहिलंत की नावाची गरजच उरत नाही, आख्ख्या जेटीला कळतं. अशा ठिकाणी मी गाव काढते, वयाचा गट मोठा करते, आणि तरी ओळख पटत असेल तर ते वाक्य कितीही सुंदर असलं तरी वगळते. क्वालकोडरमध्ये त्यासाठी माझा एक लाल कोड आहे: 'छापायचं नाही'. तो मी पहिल्या दिवशीच तयार करून ठेवते.